वडिलांचा लॅपटॉप सुरू होतानाच पासवर्ड मागतोय आणि तो घरात कुणालाच माहीत नाही. काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की वडील गेल्यावर त्यांचा लॅपटॉप कपाटातच पडून होता. आता सुरू केला तर कंपनीचं चिन्ह दिसतं आणि विंडोज यायच्या आधीच पासवर्डची चौकट येते. कोथरूडच्या दुकानात मदरबोर्ड बदला म्हणाले. आत फ्लॅटचे कागद आणि घरचे फोटो आहेत.

मी पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करतो. माझं म्हणणं स्पष्ट आहे: आधी कागद-फोटो बाहेर काढा, लॅपटॉपचं नंतर बघू. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

विंडोजच्या आधी येणारा पासवर्ड बहुतेक वेळा बायोसचा, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा असतो. तो यंत्र सुरू होऊ देत नाही, पण डिस्कवरच्या फायलींना हात लावत नाही. डिस्क काढून, यूएसबीच्या एन्क्लोजरमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत) घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की फायली दिसायला हव्यात. जुनी अडीच इंची साटा डिस्क असेल तर त्याचं एन्क्लोजर तपकीर गल्लीत सहज मिळेल. पट्टीसारखी एम डॉट टू एसएसडी असेल तर एन्क्लोजर वेगळं लागतं, आणि त्यातही साटा व एनव्हीएमई असे प्रकार आहेत, म्हणून डिस्क सोबत घेऊनच जा. काही हलक्या लॅपटॉपमध्ये मात्र साठवण मदरबोर्डवरच जोडलेली असते. तिथे हा रस्ता बंद.

डिस्क लावल्यावर विंडोजने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली, तर ती बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच डिस्क-कुलपाने, बंद आहे. विंडोज १० किंवा ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे आपोआप सुरू होतं, वापरणाऱ्याला पत्ताही नसतो. ही की त्याच खात्यात जमा झालेली असते, आणि खात्यात शिरायला ओटीपी लागू शकतो. म्हणून कळकळीने सांगतो, वडिलांचं सिमकार्ड अजून चालू असेल तर इतक्यात बंद करू नका. आपल्याकडे माणूस गेल्यावर बिल वाचावं म्हणून नंबर लगेच बंद करतात, आणि मग सगळे दरवाजे एकदम लागतात. त्यांच्या कागदपत्रांच्या फायलींमध्ये ही की छापून ठेवलेला कागदही शोधा. आपली जुनी माणसं असे कागद पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात. की नसेल तर बिटलॉकर फोडून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

तिसरी शक्यता म्हणजे खुद्द डिस्कचा पासवर्ड. पासवर्डच्या चौकटीजवळ हार्ड डिस्कचं चित्र किंवा तसा उल्लेख असेल तर तो हाच. हा डिस्कमध्येच राहतो, त्यामुळे ती दुसऱ्या लॅपटॉपला लावूनही उघडत नाही. मग पासवर्ड आठवणं हाच मार्ग उरतो.

आठवून बघताना नम लॉक आणि कॅप्स लॉक तपासा. बऱ्याच लहान कीबोर्डवर नम लॉक चालू असला की जे, के, एल दाबल्यावर आकडे उमटतात, आणि बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. भराभर अंदाज मारू नका. काही चुकांनंतर यंत्र अडून बसतं.

शेजारीपाजारी हमखास सांगतील, आतला सेल काढ आणि परत बसव. जुन्या डेस्कटॉपवर ते खरं आहे. तिथे पासवर्ड सीमॉस नावाच्या छोट्या सेटिंगच्या मेमरीत असतो, तिला सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल वीज देतो. वायर काढून सेल काही मिनिटं बाहेर ठेवला किंवा मदरबोर्डवरचा क्लिअर सीमॉसचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) बदलला की पासवर्ड जातो. तारीख मागे जाते, कधी डिस्कचं सेटिंग बदलल्यामुळे विंडोज सुरू होत नाही, तेवढं पुन्हा लावून घ्यावं लागतं. लॅपटॉपमध्ये पासवर्ड सहसा अशा चिपमध्ये असतो जिला वीज नसली तरी विसर पडत नाही. सेल काढून उपयोग नाही, उलट उघडताना केबल तुटायची भीती.

फायली हाती आल्यावर लॅपटॉपकडे वळा. खरेदीचं बिल शोधा आणि कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात विचारा. डेलचा असेल तर मालकीची खात्री करून पासवर्ड काढायला मदत होते का ते विचारा. तळाशी असलेला ७ अक्षरी सर्व्हिस टॅग त्यासाठी लागतो. लेनोवोच्या थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड (बायोसचा मुख्य पासवर्ड) हरवला तर कंपनी मदरबोर्डच बदलायला सांगते, म्हणजे तुमच्या दुकानदाराचं म्हणणं काही मॉडेलांसाठी अगदी बरोबर आहे. बाहेरचे कुशल कारागीर बायोसची चिप प्रोग्रामर नावाच्या उपकरणावर नव्याने लिहितात. तसं करून घेणार असाल तर आधी मूळ चिपची प्रत काढून ठेवायला सांगा, कारण सिरियल नंबर आणि विंडोजचं लायसन्स बहुधा त्यातच असतं. जो कारागीर तुमच्याकडे बिल मागेल, त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवीन. आणि डिस्क मात्र घरीच ठेवून जा.

मॉडेल नंबर आणि पासवर्डच्या चौकटीवर नेमकं काय लिहिलंय ते कळवा, म्हणजे यातला कोणता प्रकार आहे ते सांगता येईल.