आधी ओलावा, मग चाकं

भाऊ, मेलेल्या फुलपाखराचा फाटका पंख जोडून त्याला घड्याळाची चाकं बसवायची म्हणतोस, पण सुकलेला पंख तसाच उघडायला गेलास तर बुडापासून तुटलाच समज. आपल्याकडच्या मे महिन्यात तर तो पापडासारखा कडक होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ओला कापूस ठेव, त्यावर जाळी, जाळीवर फुलपाखरू. बुरशी धरू नये म्हणून कापसावर डेटॉलचे थेंब टाक. एक-दोन दिवसांत सांधा सैल होतो. पंखाला मात्र पाणी लागू द्यायचं नाही.

फाट खालच्या बाजूनंच जोडायची: टिश्यू पेपरची बारीक पट्टी आणि टाचणीच्या टोकावर मावेल एवढा फेविकॉल. फेविक्विक नकोच, पांढरी झाक येते. बोटही लावू नकोस. रंग म्हणजे सुटे खवले, चिमटीला पावडर लागली की नक्षी गेली.

जुन्या गजराच्या घड्याळाची चाकं जोडून खरा पंख हलवायचा मोह होतोच (मला अजून होतो). मग पंखाखाली पातळ पारदर्शक प्लास्टिक कापून चिकटव आणि चाकांची तार प्लास्टिकलाच बांध. ओढ पंखावर येता कामा नये.

संत्र्याच्या बागेत मरून पडलेली साधी फुलपाखरं घे. ताडोबा-मेळघाटातून काही उचलायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित जातीचं मेलेलं फुलपाखरू बाळगणंही गुन्ह्यात येतं, म्हणून जात आधी ओळखून घे.