खेड्यातल्या टिनाच्या घरात जॅझ गिटारचा पहिला अल्बम रेकॉर्ड होईल का?

होईल. गिटार, बेस, ड्रम असं त्रिकूट असेल तर चार इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माईक आणि वाद्यं लॅपटॉपला जोडणारा डबा) पुरतो. अमेरिकन जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीचा १९५९चा त्रिकुटाचा अल्बम गिटार, ऑर्गन आणि ड्रमवरच दोन दिवसांत झाला. म्हणून ट्रॅकवर ट्रॅक चढवत बसू नका, तिघं एकत्र वाजवा आणि प्रत्येक रचनेचे दोन-तीन टेक घ्या. गिटारच्या अँपसमोर (अँप्लिफायर) डायनॅमिक माईक, म्हणजे स्टेजवरचा साधा दणकट माईक, चार-पाच सेंटीमीटरवर, पण स्पीकरच्या पडद्याच्या (कोन) मधोमध नाही, जरा कडेला. मधोमध आवाज टोचरा येतो. बेस थेट इंटरफेसमध्ये. ड्रमला दोन माईक, एक किकसमोर (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), एक वरून. रेकॉर्डिंगचं सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ; आवाजाची सगळ्यात वरची पातळी (पीक) उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

खरा वैताग टिनाचा आणि लाईटचा. भिंतींना कापसाच्या गाद्या उभ्या करा, वर जाड सतरंज्या ताणा. दिवाळीनंतरच्या रात्री बऱ्या: पाऊस नाही, कूलर बंद. मात्र शेजारच्या वावरात ओलिताची मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडतं, तो टेक सोडून द्या. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अँप गुणगुणतो. साइन वेव्हचा घ्या, अर्थिंग तपासा, लॅपटॉप बॅटरीवर ठेवा. गिटारला सिंगल-कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारं एकाच वेटोळ्याचं चुंबक) असेल तर खुर्ची हळूहळू फिरवत बसा, एका दिशेला गुणगुण एकदम कमी होते.

एवढं सगळं ड्रमर ब्रशने (तारांच्या मऊ कुंच्याने) वाजवणार असेल तरच. स्टिक्सने वाजवणार असेल तर ड्रमच्या झांजांचा आवाज सगळ्या माईकमध्ये घुसतो. मग मोठं, पक्क्या छताचं सभागृहच बघा.