काकडीत नुसते पाणीच असेल, तर ती का खावी?

काकडी खाऊन पाण्याखेरीज काय मिळते, ती सोलावी की नाही आणि कोशिंबिरीशिवाय तिचे काय करता येते, असे आपण विचारले आहे. यातला पहिला प्रश्न मी अमळनेरला सासरी ऐकला होता आणि त्याचे उत्तर द्यायचे तेव्हापासून राहून गेले आहे.

आमच्याकडे कोशिंबिरीसाठी काकडी सोलून, चोचवून, मीठ लावून ठेवीत आणि मग मुठीत धरून अशी पिळत की परातीत हिरवट पाण्याचे तळे साचे. ते पाणी मोरीत जाई आणि पानात चोथा वाढला जाई. वैशाखातल्या एका दुपारी मी ते पाणी थालीपिठाच्या पिठात घातले, तेव्हा थोरल्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, पाणीच तर आहे, त्याला काय एवढं जपतेस?" मी नवी सून होते, त्यामुळे गप्प राहिले, पण थालीपिठे खुसखुशीत झाली होती आणि एकही उरले नव्हते.

शंभर ग्रॅम काकडीत सुमारे ९५ ग्रॅम पाणी आणि जेमतेम १५ किलोकॅलरी असतात, हे खरेच आहे. परंतु तिच्यातले दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास असणारे पोटॅशियम आणि थोडेसे क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे आहे, आणि मिठाने सुटलेले पाणी टाकून दिले की त्यांचाही वाटा मोरीत जातो. ज्या मुलखात उन्हाळ्यात पारा ४४ अंशांच्या पुढे चढतो, तिथे काकडी पिळून खाणे मला मुळीच पटत नाही. सोलण्याचेही तेच: सालीसकट शंभर ग्रॅममध्ये सुमारे १६ मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व मिळते, सोलल्यावर त्याच्या निम्म्याहूनही कमी उरते.

म्हणून कोशिंबिरीत दाण्याचा कूट आणि जिरे-मिरचीची फोडणी आधी घालावी, मीठ मात्र पाने मांडल्यावरच घालावे. थालीपिठाचे पीठ काकडीच्या किसातच भिजवावे, वरून पाणी घेऊ नये. कळण्याची भाकरी आणि ठेचा असेल, तेव्हा जाड चकत्या पुरेत. जून काकडीच्या बिया काढून हरभऱ्याच्या डाळीत भाजी करावी.

मात्र काकडीने पोट भरत नाही, तिला जेवण समजू नये. देठाकडचा तुकडा आधी चाखावा आणि काकडी कडूजहर लागली तर सरळ टाकून द्यावी. रक्त पातळ करण्याची वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असल्यास, के जीवनसत्त्वाने तिचा परिणाम कमी होऊ शकतो म्हणून, सालीसकट काकडीचे प्रमाण एकदम वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.