शब्द पाठ आहेत, पण वेळेवर सुचत नाहीत

वाचलेले इंग्रजी बरेचसे कळते, ई-मेल लिहिणेही जमते, पण समोरचा माणूस उत्तरासाठी थांबला की शब्द सुचत नाहीत. तेव्हा शब्दसंग्रह वाढवण्यासाठी काय करावे, असा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांमध्ये मराठी माध्यमातून शिकलेले आणि नोकरीत स्थिरावलेले लोक पुष्कळ असतात. त्यांना नवशिके म्हणता येत नाही आणि इंग्रजी येते असे म्हणायला ते स्वतः धजत नाहीत. याच मधल्या पायरीवर अडकलेल्या एका गृहस्थांची हकिकत, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देत आहे.

हे गृहस्थ यंत्र अभियांत्रिकीचे पदविकाधारक असून चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतात. बढती मिळाल्यावर, ग्राहक कंपनीचे लोक ऑडिटला, म्हणजे कामाच्या तपासणीला, आले की त्यांच्याबरोबर शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादनाच्या जागी, फिरून उत्तरे देण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. एका ऑडिटरने लाल बिनमधल्या नाकारलेल्या मालाकडे बोट दाखवून ‘यांचे पुढे काय करता,’ एवढेच विचारले. ही सगळी पद्धत या गृहस्थांनीच बसवलेली होती, तरीही त्यांच्या तोंडून ‘करेक्टिव्ह अ‍ॅक्शन’ (दोष सुधारण्याची कारवाई), ‘डिस्पोझिशन’ (मालाचे पुढे काय करायचे याचा निर्णय) असे दोन सुटे शब्द बाहेर पडले आणि पुढचे उत्तर त्यांच्या हाताखालच्या मुलाने दिले. त्यानंतर ऑडिटच्या आदल्या रात्री त्यांना झोप लागेनाशी झाली आणि शक्य असेल तेव्हा ते त्या दिवशी रजा टाकू लागले. घरी इंग्रजी शाळेत जाणारी त्यांची मुलगी ‘बाबा, असं नसतं म्हणायचं’ असे सहज म्हणून जाई, तेही त्यांना फार लागत असे.

यावर उपाय म्हणून त्यांनी एक वही घातली होती, ती त्यांनी पहिल्याच भेटीत माझ्यापुढे ठेवली. शाळेतल्यासारखे तीन रकाने आखून त्यांत स्पेलिंग, उच्चार आणि अर्थ असे रोजचे नवे शब्द सुबक अक्षरात उतरवलेले होते. अ‍ॅमेलिओरेट (सुधारणे), युबिक्विटस (सर्वत्र आढळणारा), लोक्वेशस (बडबड्या) अशा जड शब्दांनी पाने भरलेली होती आणि मी मधूनच विचारलेल्या बहुतेक शब्दांचे अर्थ त्यांनी न अडखळता सांगितले. यातला एखादा शब्द कधी कोणाशी बोलताना वापरला आहे का, असे मी विचारले, तेव्हा मात्र ते हसले. ‘मॅडम, तशी वेळच आली नाही,’ असे त्यांचे उत्तर होते.

मग मी त्यांना त्या सकाळी घरात काय झाले ते इंग्रजीत सांगायला सांगितले. त्यांनी गॅसवर दूध ठेवले होते, तेवढ्यात फोन आला आणि दूध उतू गेले. गोष्ट एवढीच होती. ‘ठेवले’पर्यंत ते ठीक आले, ‘तेवढ्यात’ला थांबले आणि ‘उतू गेले’पाशी पूर्ण अडले. दूध भांड्याबाहेर आले एवढे तरी सांगता येईल का, असे विचारल्यावर त्यांनी लगेच ‘द मिल्क केम आउट ऑफ द पॉट’ असे म्हटले, पण त्यांचा चेहरा पडला. हे फारच बाळबोध झाले, असे त्यांना वाटत होते. त्यांची खरी अडचण मला तिथे दिसली. आपल्याला येणारे साधे शब्द वापरण्याची त्यांना लाज वाटत होती, आणि ते वापरलेच न गेल्यामुळे वेळेला हाताशीही येत नव्हते.

या मागची शिक्षणाची पार्श्वभूमी समजून घेतली पाहिजे. महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते 2000 साली. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे, आणि हे गृहस्थ त्याच पिढीतले. त्या वर्गांत इंग्रजी प्रामुख्याने फळ्यावरून वहीत उतरवले जाई. शब्द पाहून अर्थ सांगण्याचा सराव भरपूर झाला, अर्थ मनात असताना शब्द शोधून काढण्याचा जवळजवळ झालाच नाही. ही दोन कौशल्ये वेगवेगळी आहेत. पहिले कितीही पक्के केले तरी दुसरे आपोआप येत नाही. त्यातच मन घाबरलेले असेल, तर पुरता न मुरलेला शब्द आठवणे आणखी अवघड होते.

मोजक्या शब्दांत इंग्रजीचा व्यवहार कसा भागतो, याचा अभ्यास शंभर वर्षांपासून चालू आहे. इंग्रज भाषाभ्यासक चार्ल्स ऑग्डेन यांनी 1930 मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ या नावाने 850 शब्दांची यादी प्रसिद्ध केली, तीत क्रियापदे केवळ 18 होती: कम, गेट, गिव्ह, गो, कीप, लेट, मेक, पुट, टेक अशी. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला शिकवताना आलेल्या अडचणींतून त्यांचे काम उभे राहिले. त्यांची सुमारे 2000 शब्दांची यादी 1953 मध्ये आली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले दहापैकी सुमारे आठ शब्द तिच्यातलेच निघतात. यावरून दोन हजार शब्द आले की ऐंशी टक्के इंग्रजी कळले, असा हिशेब काही क्लासवाले मांडतात, तो मला पटत नाही, कारण उरलेल्या दोन शब्दांतच पुष्कळदा वाक्याचा विषय असतो. या गृहस्थांच्या बाबतीत मात्र ते विषयाचे शब्द, म्हणजे कारखान्यातली परिभाषा, त्यांना आधीच येत होते. त्या शब्दांना जोडणारे साधे आठ शब्द त्यांच्याकडून निसटत होते.

वेस्ट यांच्या यादीचा आणखी एक विशेष मला समुपदेशनात फार उपयोगी पडतो. तीत शब्दाचा कोणता अर्थ किती वेळा वापरला जातो, याचेही प्रमाण दिलेले आहे. मधल्या पायरीवरच्या माणसाला ‘लेफ्ट’ येतो का, असे विचारले तर तो हो म्हणेल, कारण डावा हा अर्थ आणि ‘सोडले’ हा भूतकाळ त्याला पाठ असतो. पण ‘तीन नग उरले आहेत’ हे सांगायची वेळ आली की ‘थ्री पीसेस आर लेफ्ट’ त्याच्या ओठांवर येत नाही, तो ‘रिमेनिंग’ शोधत बसतो. ओळखीच्या शब्दांचे असे न वापरलेले अर्थ ही या पायरीवरची सर्वांत मोठी शिल्लक असते.

मी त्यांना नवे शब्द उतरवणे काही काळ थांबवायला सांगितले. त्याऐवजी त्यांनी रोज कारखान्यातून परतल्यावर, दार लावून, त्या दिवशीच्या एका कामाचे वर्णन मोठ्याने इंग्रजीत करायचे आणि अडल्यास थांबून शब्दकोश न उघडता, येतील त्या शब्दांत वळसा घेऊन वाक्य पुरे करायचे. जिथे अडले तेवढीच जागा, पूर्ण वाक्यासह, नंतर वहीत लिहायची. साधा शब्द किंवा शब्दसमूह शोधून त्याच वाक्यात बसवायचा आणि दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने मराठी वाक्य पाहून इंग्रजी वाक्य तोंडाने म्हणायचे. एकदम न करता अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांच्या 1885 सालच्या स्मरणप्रयोगांपासून माहीत आहे. आपल्याकडे पाढे असेच पक्के होत, फक्त छडीची भीती जास्त होती.

त्यांनी आधी नाराजी दाखवली. ‘हे तर पाचवीतलं आहे,’ असे ते म्हणाले. मी त्यांना एवढेच विचारले की पाचवीतले आहे, तर ते ऑडिटरसमोर का आले नाही. थोडे कठोर वाटले असेल, पण लाजेवर नुसते गोड बोलून काम भागत नाही, असा माझा अनुभव आहे.

पुढच्या भेटींत नवी वही पाहताना आम्हां दोघांनाही नवल वाटले, कारण अडलेल्या जागांत नाम क्वचितच होते. अजून, आधीच, तेवढ्यात, नाहीतर, निदान, त्याऐवजी, जवळजवळ, बाजूला ठेवणे, परत पाठवणे, संपत येणे: असेच सारे होते. ‘स्टिल’, ‘ऑलरेडी’, ‘इन्स्टेड’, ‘अ‍ॅट लीस्ट’ हे शब्द त्यांना वाचताना कधीच अडत नव्हते. क्रियापदांच्या जोड्यांनी मात्र जास्त वेळ घेतला. ऑग्डेन यांची 18 क्रियापदे दिसायला सोपी असली, तरी ‘पुट’ला ‘ऑफ’ लागले की पुढे ढकलणे आणि ‘अप विथ’ लागले की सहन करणे होते. अशा जोड्या सुट्या शब्दांवरून उमगत नाहीत, त्या एकेक करून वाक्यातच शिकाव्या लागतात. म्हणून कामात रोज लागणाऱ्या ‘पुट असाइड’, ‘सेंड बॅक’, ‘रन आउट ऑफ’ अशा थोड्याच जोड्या आम्ही घेतल्या.

भीतीसाठी वेगळे काम करावे लागले. ‘लेट मी चेक अँड टेल यू’ आणि ‘कुड यू से दॅट अगेन’ ही दोन वाक्ये त्यांनी झोपेतही म्हणता येतील इतकी घोटली, कारण विचार करायला चार क्षण हक्काने मागता येतात हे कळल्यावर घशाला पडणारी कोरड बरीच कमी होते. रजा टाकायची नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवले. सुरुवातीला ऑडिटच्या फेरीत एकाच यंत्रापुरते बोलायचे आणि बाकीचे सहकाऱ्याकडे सोपवायचे, अशी सोय त्यांनी वरिष्ठांशी बोलून करून घेतली. मुलीच्या दुरुस्त्यांवर त्यांनी नामी उपाय काढला: तिलाच अडलेल्या जागा विचारायला लागले. ‘नाहीतर’ला ‘अदरवाइज’ तिनेच सांगितले.

स्पर्धा परीक्षेची किंवा परदेशी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांना ही पद्धत पुरणार नाही, हे येथे सांगायला हवे. तिथे अवघड शब्दांचीही परीक्षा असते आणि त्या याद्या कराव्याच लागतात. ज्यांना कामावर बोलायचे आहे, त्यांनी मात्र तिथे वेळ घालवण्यापूर्वी एक साधी घडलेली गोष्ट मोठ्याने सांगून पाहावी आणि आपण नेमके कुठे अडतो ते टिपावे.

आता हे गृहस्थ लाल बिनमधल्या मालाचे काय होते ते सांगतात: भाग बाजूला ठेवतो, मोजतो, दुरुस्त होतील ते परत लाइनवर पाठवतो, उरलेले भंगारात देतो. वाक्ये आखूड असतात, काळ कधी चुकतो, ऑडिटरचे काम अडत नाही. परदेशी ग्राहकाचा फोन आला की ते अजूनही सहकाऱ्याकडे देतात, कारण तिथे चेहरा दिसत नाही आणि उच्चार झरझर येतात. त्यासाठी सध्या आम्ही ऐकण्याचा सराव सुरू केला आहे. रेकॉर्ड केलेला एकच छोटा संवाद ते रोज गाडीवरून उतरल्यावर, हेल्मेट काढून, पार्किंगमध्येच ऐकतात.