गाडी चालू ठेवून थांबलेला भाऊ

प्रश्न : माझा भाऊ २१ वर्षांचा आहे. मित्र म्हणाला, "चल, एकाकडून पैसे आणायचेत." भावाने त्याला स्प्लेंडरवर नेलं आणि पानटपरीपाशी गाडी चालू ठेवून थांबला. मित्राने गल्लीत एकाला कोयत्याने मारलं, तो माणूस जागीच गेला. मित्र पळत येऊन मागे बसला आणि दोघे निघून आले. भावाच्या शर्टाला पाठीवर रक्त लागलं होतं, आईने शर्ट धुतला. आता दोघांवर खुनाचं कलम लागलं आहे आणि भाऊ कोठडीत आहे. त्याने हातही लावला नाही, मग खून कसा? मामा म्हणतात, तो त्या वेळी आमच्या घरी होता असं सांगू. पोलीस म्हणतात, माफीचा साक्षीदार हो.

उत्तर : ताई, आधी मामांना थांबवा.

"हात लावला नाही" हा बचाव कोर्टात एकटा टिकत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १०३(१) म्हणजे खून. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, त्याखाली काही नाही. त्याला कलम ३(५) जोडलं की सामाईक इराद्याने केलेल्या कृत्याची जबाबदारी प्रत्येकावर पूर्ण येते. हे म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३४. कोर्टाच्या आवारात आजही सगळे चौतीसच म्हणतात.

१९२३ साली कलकत्त्याच्या शंकरीटोला पोस्टात दरोड्याच्या वेळी पोस्टमास्तरवर गोळ्या झाडल्या गेल्या. एक आरोपी म्हणाला, मी बाहेर अंगणात उभा होतो, घाबरलो होतो. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या शेवटच्या अपील कोर्टाने, ते ऐकलं नाही. तुमच्या भावाला आणखी जवळचा खटला आपल्या देहू रोडचा आहे, लष्करी डेपोतल्या सरकारी मालाच्या अपहाराचा. त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आरोपी त्याच खोलीत असायची गरज नाही; फाटकावर पहारा देणारा किंवा पळून जायला जवळच मोटार घेऊन थांबलेलाही इराद्यात सामील असू शकतो. मोटारीच्या जागी स्प्लेंडर घाला, सरकारी वकिलांचं अर्धं भाषण तयार आहे.

पण त्या वाक्यातला 'इराद्यात सामील' हा भाग तुमचा आहे. नुसतं तिथे असणं पुरत नाही. १९४५ सालच्या महबूब शाह खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने फरक सांगितला : दोघांच्या मनात एकाच वेळी सारखा इरादा असणं वेगळं आणि दोघांनी मिळून ठरवलेला सामाईक इरादा वेगळा. फाशीची शिक्षा सुनावलेला महबूब शाह त्या फरकावर सुटला. म्हणून सगळा खटला एका प्रश्नावर येतो : गाडी थांबली तेव्हा भावाला कोयत्याची माहिती होती का?

सरकारी वकील विचारतील, कोयता कमरेला खोचून मागे बसलेला मित्र याला जाणवलाच नाही? दुपारी दोघांचे फोन किती वेळा झाले? गाडी बंद का केली नाही? मित्र रक्ताने माखून आल्यावर हा पोलिसांत का गेला नाही? यांची खरी उत्तरं भावाकडून त्याच्या वकिलाने एकांतात घ्यायची. पोलिसांपुढे दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, पण तिच्यातून एखादी वस्तू सापडली की तेवढा भाग पुराव्यात येतो. 'फक्त दम द्यायचाय' एवढंच त्याला माहीत असेल, तर तेही वकिलाला सांगू दे. एकाच घटनेत दोघांचे गुन्हे वेगळे ठरू शकतात, कलम ३(९) त्यासाठीच आहे.

आता मामांकडे येतो. भाऊ घरी होता म्हणाल आणि टपरीसमोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात तो दिसेल. मोबाईलचा टॉवरही तेच सांगेल. मग 'होतो, पण ठाऊक नव्हतं' या खऱ्या बचावावर कोण विश्वास ठेवेल? मी अशा खोट्या हजेरीने हातचे खटले घालवलेली घरं पाहिली आहेत.

माफीचा साक्षीदार करणं, म्हणजे साथीदाराविरुद्ध साक्ष देण्याच्या बदल्यात आरोपीला माफी देणं, फौजदाराच्या हातात नाही. माफी कोर्ट देतं, तीही सगळं खरं सांगण्याच्या अटीवर. शिवाय आधी जामीन झालेला नसेल, तर खटला संपेपर्यंत तो आतच राहतो. हे कोणी सांगत नाही. आणि माफी गुन्ह्यातल्या भागीदाराला असते. भावाला खरंच काही ठाऊक नव्हतं, तर ती मागून तो स्वतःला भागीदार म्हणवून घेईल. माझं मत, आरोपपत्र हातात येईपर्यंत हो म्हणू नका. ९० दिवसांत ते आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, तारीख लिहून ठेवा. मित्राच्या घरचे 'वकील एकच करू' म्हणतील. त्यांना नाही सांगा.

शर्टाचं मला वाईट वाटलं. पाठीवरचा डाग म्हणजे रक्त मागे बसलेल्याच्या अंगावरून आलं. समोरून वार करणाऱ्याच्या अंगावर रक्त सहसा पुढे उडतं. तो डाग तुमच्या बाजूचा पुरावा होता आणि बादलीत गेला. तरी धुतलेल्या कापडावर अंश राहू शकतात. जप्तीच्या पंचनाम्यात डाग कुठे लिहिलाय, ते वकिलाला पहिल्याच भेटीत बघायला सांगा.

आईवर पुरावा नष्ट केल्याचं कलम २३८ लागू शकतं, सात वर्षांपर्यंत. तिथेही प्रश्न तोच : साबण लावताना तिला काय ठाऊक होतं? तिच्यासाठी वकील वेगळा करा, आणि त्याला भेटण्याआधी तिने शेजारीपाजारी यावर बोलू नये.