वाचकांचे प्रश्न : अबोल झालेली मुलगी

प्रश्न : मी ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या बालशिक्षणावर संशोधन करीत आहे. वडील वारल्यापासून चार वर्षांची एक मुलगी बोलतच नाही. तिच्याशी संवाद कसा साधावा?

उत्तर : तिला प्रश्न विचारू नका, ही कळकळीची विनंती. १९४५ साली बोर्डी या गावी काम सुरू करणाऱ्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, मुले बालवाडीत येईनात तेव्हा, बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तुम्हीही रोज ठरावीक वेळी तिच्या कोपीपाशी (झोपडीपाशी) जाऊन, काही न बोलता, शेजारी चिंचोके मांडत बसा. ज्याच्या येण्याची खात्री वाटते, त्याच्याजवळच मूल मोकळे होते. टिपणे तिच्यासमोर लिहू नका. महिनाभरात फरक न पडल्यास, संशोधन थांबले तरी चालेल, पण आईला सोबत घेऊन तिला जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.