‘मेटशेन’ नपुंसकलिंगी का? जर्मन नामांची लिंगे आणि अनेकवचने

प्रश्न असा आहे : ‘मेटशेन’ म्हणजे मुलगी, मग त्याला ‘दास’ लावून नपुंसकलिंगी का करतात? आणि परीक्षेसाठी डेर (पुल्लिंगी), डी (स्त्रीलिंगी), दास (नपुंसकलिंगी) ही आर्टिकले, म्हणजे नामाआधी येणारे लिंगदर्शक शब्द, आणि अनेकवचने लक्षात ठेवायची कशी?

पहिल्याचे उत्तर शब्दाच्या शेपटाशी आहे. ‘-शेन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय. तो किंवा ‘-लाइन’ लागला की नाम नपुंसकलिंगी, अर्थ काहीही असो. अनेकवचनातही रूप तेच : दास मेटशेन, डी मेटशेन. मराठीला यात नवल वाटू नये; ‘ती पोरगी’ आणि ‘ते पोरगं’ आपण सहज म्हणतो.

तेव्हा अर्थापेक्षा शेवट पाहावा. -उंग, -हाइट, -काइट, -शाफ्ट हे प्रत्यय असले की डी, आणि अनेकवचन ‘-एन’ : त्साइटुंग (वर्तमानपत्र), त्साइटुंगेन. इतके भरवशाचे नियम जर्मनमध्ये थोडेच. ‘-ए’ने संपणारी नामेही बहुतेक डी : लांपे (दिवा), लांपेन, पण डेर नामे (नाव), डेर केझे (चीज) आणि दास आउगे (डोळा) हे अपवाद पाठच करावे लागतात. सगळ्यात फसवा शेवट ‘-अर’. शिक्षक डेर लेहरर, आई मात्र डी मुटर, आणि खिडकी दास फेन्स्टर.

जोडशब्दाचे लिंग शेवटचा घटक ठरवतो. दास हाउस (घर) आणि डी ट्यूर (दार) मिळून डी हाउसट्यूर.

मराठीत तीन लिंगे असल्याने कल्पना समजते, पण मराठीवरून अंदाज बांधू नये. आपला सूर्य ‘तो’, त्यांची ‘डी झोने’. चंद्र मात्र दोन्हीकडे ‘तो’, हा निव्वळ योगायोग.

अनेकवचनाला एकच सूत्र नाही. भिंतीचे भिंती आणि वाटेचे वाटा का, हे आपल्यालाही सांगता येत नाही, तसेच. ‘डी बांक’ बसायचा बाक असेल तर अनेकवचन ‘बेंके’, पैशांची बँक असेल तर ‘बांकेन’. म्हणून वहीत नाम एकटे उतरवू नये. डेर ब्रूडर, डी ब्र्यूडर (भाऊ, अनेक भाऊ) अशी जोडीच लिहावी आणि मोठ्याने म्हणावी. इथे फरक फक्त स्वरावरच्या दोन टिंबांचा, म्हणजे उमलाउटचा. घाईत ती राहिली की उत्तरपत्रिकेत शब्द एकवचनीच राहतो.

आर्टिकल पाठ असूनही गुण जातात ते वाक्यात. अनेकवचनात तिन्ही लिंगांना ‘डी’च, म्हणून ‘दास किंडर’ चूक, ‘डी किंडर’ (मुले) बरोबर. कर्माच्या विभक्तीत, म्हणजे अक्युझेटिव्हमध्ये, फक्त पुल्लिंगाचे आर्टिकल बदलते : मला भाऊ आहे, ‘इश हाबे आइनेन ब्रूडर’. तिथे नुसते ‘आइन’ (एक) लिहिणारे बरेच. डेटिव्ह ही ‘मिट’ (बरोबर) सारख्या शब्दांनंतर येणारी विभक्ती; तिच्या अनेकवचनात ‘डी’चे ‘डेन’ होते आणि नामाला शेवटी ‘न्’ जोडायचा : मिट डेन किंडर्न, मुलांबरोबर. अनेकवचन आधीच ‘न्’ने संपत असेल तर दुसरा जोडायचा नाही, आणि ‘-एस’ने होत असेल तर मुळीच नाही : मिट डेन आउटोस, मोटारींबरोबर.